शेजारच्या मांजराला तुमचाच वाफा का आवडतो?

कुंपण म्हणजे हद्द, हे मांजराला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती चालायची वाट असते, आणि चांगली वाट असते, कारण वरून दोन्हीकडचं दिसतं. त्याची स्वतःची हद्द वासाने आखलेली असते. तुमचं अंगण, जिन्याखालची जागा आणि टाकीमागची बोळ तिच्यात कधीच जमा झालेली असू शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रं बांधली होती. त्यांतली बहुतेक मांजरं घरापासून साधारण शंभर मीटरच्या आतच फिरत होती. म्हणजे रोज पहाटे गुलाबाच्या वाफ्यात माती उकरून जाणारं मांजर बहुधा दोनचार घरं सोडून राहणारंच असतं. त्याचा फेरा छोटा आणि बऱ्यापैकी ठरलेला असतो, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं.

मांजर हाकलण्याआधी ते कशासाठी येतं हे पाहावं. कारणं मोजकी आहेत: विधी उरकायला मऊ माती, खायला काहीतरी, ऊब किंवा आडोसा, जाण्यायेण्याची वाट, नाहीतर माजाच्या काळात जोडीदार. उपाय चुकतो तो इथेच. ज्याला फक्त अंगण ओलांडून पलीकडे जायचंय, त्याच्यासाठी वाफ्यात जाळी अंथरून काय होणार? म्हणून आठवडाभर खुणा पाहा आणि वेळ लिहून ठेवा. मातीचा छोटा उंचवटा आणि त्याखाली विष्ठा असेल, तर मांजराने तुमचा वाफा संडास म्हणून निवडलाय. भिंतीवर, चौकटीवर किंवा गाडीच्या चाकावर जमिनीपासून वीतभर-दीडवीत उंचीवर ओघळ आणि नाकात शिरणारा दर्प असेल, तर ती हद्दखूण. बॉनेटवर पावलांचे ठसे म्हणजे इंजिनाची ऊब. कचऱ्याची फाटलेली पिशवी तर न सांगता कळते. उंदीर झाले असतील तर मांजर येणारच. मात्र उंदरांसाठी विष ठेवू नका; विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर त्यालाही विषबाधा होऊ शकते.

सर्वाधिक तक्रारी मातीच्या असतात, तेव्हा तिथे थोडं थांबू. मांजर विधीला बसण्याआधी माती हुंगतं, पुढच्या पंजाने दोनतीनदा ओढून खड्डा करतं, वळतं, बसतं, पुन्हा हुंगतं आणि मग कडेची माती ओढून खड्डा बुजवतं. या सगळ्यासाठी त्याला कोरडी, भुसभुशीत आणि बारीक कणांची जमीन लागते. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांत राहणारं रानमांजर आहे, त्यामुळे ही आवड आश्चर्याची नाही. नुकताच खणून, चाळून, बी पेरून ठेवलेला वाफा म्हणजे नेमकी हीच जमीन. ती पंजाला नकोशी केली की निम्मं काम होतं.

यासाठी खुराड्याला लावतात ती षटकोनी छिद्रांची तारेची जाळी सगळ्यांत भरवशाची. छिद्र सुमारे अडीच सेंटिमीटरचं हवं. पाच सेंटिमीटरच्या छिद्रातून पंजा आत जातो आणि अडकू शकतो. वाफा सपाट करा, जाळी अंथरा, कापलेल्या कडा खाली वळवा. जाड तारेचे १५ सेंटिमीटर लांबीचे आकडे दर ३०-४० सेंटिमीटरवर ठोकून ती ताणून बसवा आणि वर जेमतेम एक सेंटिमीटर माती पसरा. बहुतेक चुका या मातीच्या थरात होतात. दिसायला बरं म्हणून चारपाच सेंटिमीटर माती घातली, की मांजराला उकरायला आणि झाकायला तेवढी पुरते, आणि खाली जाळी आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही. कोवळी रोपं छिद्रांतून वर येतात. आधीच्या झाडांसाठी जाळीला फुलीसारखा छेद देऊन टोकं दुमडावीत, आणि खोड जाडावेल तसा छेद वाढवावा, नाहीतर तार खोडात रुतते. पातळ नायलॉनची जाळी सैल अंथरू नका. तिच्यात पक्षी, सरडे आणि साप अडकून मरतात.

कुंड्यांसाठी चारपाच सेंटिमीटरचे खडबडीत दगड एकमेकांना चिकटून ठेवले की पुरतं. गुळगुळीत बारीक गोटे मात्र मांजर सहज बाजूला सारतं, आणि पंजाला ते आवडतातही. पेरणीनंतरचे दोनतीन आठवडे वाफ्यात बोथट काड्या दर दहा सेंटिमीटरवर उभ्या खोचल्या तर वळायला जागा उरत नाही. पुढे झाडोरा दाटला की तोच राखण करतो. वाळूचा ढीग किंवा मुलांचा वाळूचा हौद झाकलेलाच हवा, आणि झाकण उतरतं हवं. सपाट ताडपत्रीवर पाणी साचून डास होतात.

विष्ठा रोजच्या रोज उचलण्यामागे स्वच्छतेहून मोठं कारण आहे. काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजांडं बाहेर पडतात. बहुतेक मांजरं आयुष्यात पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडेच ती टाकतात. ताजी बीजांडं संसर्ग करत नाहीत. त्यांना पक्व व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात. नंतर मात्र ओलसर मातीत ती महिनोन्महिने टिकतात आणि घरातल्या नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. म्हणून चोवीस तासांच्या आत, हातमोजे घालून, खालच्या मातीसकट विष्ठा उचलावी. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावं, आणि त्या वाफ्यातली भाजी नीट धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नये.

आता दर्पाबद्दल. मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते स्वतः फारसं वास मारत नाही. बाहेर पडल्यावर हळूहळू त्याचं विघटन होतं आणि गंधकाची उग्र संयुगं तयार होतात. म्हणूनच डाग ताजा असताना जेवढा घाणतो त्याहून दुसऱ्या दिवशी जास्त घाणतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनिन सर्वांत जास्त असतं. वर तो शेपूट उभी करून, टोक थरथरवत मागे फवारा मारतो, तो उभ्या भिंतीवर नाकाच्या उंचीला, म्हणजे पुढच्या मांजराला वाचायला सोपं. हा फवारा लघवी लागली म्हणून मारलेला नसतो, तो निरोप असतो. वास फिका पडला की निरोप पुन्हा लिहायला बोका परत येतो. अर्धवट धुतलेली भिंत म्हणूनच पुन्हापुन्हा घाण होते.

धुण्याचा क्रम असा. डाग ओला असेल तर जुन्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. घासल्याने तो आणखी आत मुरतो. मग साध्या पाण्याने धुऊन पुन्हा टिपा. एन्झाइमयुक्त धुण्याची पावडर एक भाग आणि कोमट पाणी नऊ भाग असं द्रावण करून डागावर आणि त्याभोवती वीतभर लावा. मूत्र जितकं खोल मुरलंय तितकं हे पाणीही खोल जायला हवं. वर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं ते वाळू देऊ नका, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. मग पाण्याने धुऊन वाऱ्यावर सुकू द्या. विटा, सिमेंट, कच्चं लाकूड अशा सच्छिद्र पृष्ठभागावर हे दोनतीनदा करावं लागतं. रंग उडतो का, हे आधी कोपऱ्यात पाहून घ्या. जुने डाग सापडत नसतील तर रात्री अतिनील टॉर्च मारा, मूत्राचे डाग फिकट चमकतात. साबणाचे डागही चमकतात, तेव्हा शेवटचा निकाल नाकाचाच.

बिघडतं कुठे? लोक आधी फिनेल ओततात. त्याने वास झाकला जातो, पण फेलिनिन तिथेच राहतं आणि उरलेलं जंतुनाशक नंतर लावलेल्या एन्झाइमला निकामी करू शकतं. अमोनिया असलेले क्लीनर मांजराला मूत्रासारखेच वाटू शकतात. आणि मूत्राच्या डागावर ब्लीच ओतू नका. मूत्रातल्या अमोनियाशी त्याची प्रक्रिया होऊन क्लोरामाइन वायू तयार होतात, ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतात.

बाजारात यावर यंत्रंही मिळतात. त्यांपैकी हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र बहुधा सर्वांत गुणकारी. त्यातला सेन्सर उष्ण शरीराची हालचाल ओळखतो. मांजर समोरून सरळ चालत आलं तर त्याला ते उशिरा कळतं, आडवं गेलं तर लगेच. म्हणून यंत्र वाटेच्या टोकाला वाटेकडे तोंड करून न ठेवता बाजूला ठेवावं. उंची जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर. तापलेल्या फरशीवर भर दुपारी उष्णतेतला फरक कमी होऊन सेन्सर चुकतो, आणि उन्हात हलणारी फांदी समोर असली तर उगाच पाणी उडतं. पाइपात सतत दाब राहतो, तेव्हा जोडांना क्लॅम्प लावा.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा उच्च आवाज काढून मांजर पळवणाऱ्या यंत्रांबद्दल जाहिराती सांगतात तेवढं खरं नाही, पण अगदी खोटंही नाही. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंत. ब्रिटनमधल्या बागांत केलेली एक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. अशा यंत्राने मांजर बागेत शिरण्याची शक्यता साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्याचं तीत दिसलं. दोन तृतीयांश काम उरतंच. एवढ्या उच्च वारंवारतेचा आवाज दाट पानांमागे किंवा भिंतीपलीकडे पोचत नाही, आणि म्हातारं किंवा बहिरं मांजर खुशाल समोर बसून राहतं. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र मांजरांत जन्मजात बहिरेपण बरंच आढळतं, त्यामुळे पाहुणा तसा असेल तर पैसे वाचवा. संत्र्याच्या साली वगैरे वासाचे उपाय करून पाहायला हरकत नाही. साल सुकली की उपायही संपला.

काही घरगुती उपाय मात्र सरळ क्रूर आहेत. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी संयुगं निष्प्रभ करणारी एक महत्त्वाची एन्झाइम-यंत्रणा फार दुबळी असते. त्यामुळे फिनॉलयुक्त जंतुनाशकं, सुगंधी तेलं, डांबरगोळ्या या गोष्टी पंजाला लागून चाटण्यावाटे पोटात गेल्या तरी मांजर गंभीर आजारी पडू शकतं. मिरचीपूड पंजावरून डोळ्यांत जाते. याने मांजराला अद्दल घडत नाही, कारण वेदना आणि तुमचा वाफा यांचा संबंध त्याला तासाभराने लागत नाही.

भिंतीचा विचार करत असाल तर एवढं लक्षात ठेवा: धडधाकट मांजर दीड मीटर सहज उडी मारतं आणि भिंतीच्या कडेवर पुढचे पंजे रोवून स्वतःला वर ओढतं. तेव्हा उंची वाढवण्यापेक्षा कड निरुपयोगी करणं स्वस्त. कडेच्या लांबीभर तार ताणून तिच्यावर मोकळा फिरणारा दहा सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवला की पंजा ठरत नाही. पाइप घट्ट बसला तर तो छान पायरी होतो, म्हणून तो बोटाने फिरवून पाहा. शेजारची फांदी, टाकी किंवा छप्पर भिंतीला लागून असेल तर मांजर तिथून येईल, आणि पाइप शोभेला राहील.

शेजाऱ्यांशी बोलायला जाताना मांजर त्यांचंच आहे याची खात्री करा. पट्टा नसेल आणि मांजर माणसाळलेलं असेल, तर सहज फाटेल अशी कागदाची पट्टी मानेभोवती सैल चिकटवून ‘हे मांजर तुमचं आहे का? कृपया कळवा’ एवढं लिहावं. मग तक्रारीपेक्षा वेळ आणि जागा सांगा: ‘पहाटे साडेपाचला मागच्या वाफ्यात’ असं सांगितलं, की ते त्या वेळी मांजराला आत ठेवू शकतात. मागण्या दोनतीनच ठेवा. पहिली नसबंदी. तिच्यानंतर दहातले नऊ बोके फवारा मारणं थांबवतात किंवा बरंच कमी करतात, फक्त सवय फार जुनी नको. दुसरी, त्यांच्या आवारात मीटरभर लांबीरुंदीचा, वीतभर खोल, कोरड्या वाळूचा आडोशाचा कोपरा, रोज साफ केलेला. मांजर बुजलं नाही तर जवळची सोय पत्करतं. तिसरी, शिकार कमी व्हावी म्हणून आहाराची आणि खेळाची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात भरपूर मांस असलेला, धान्यविरहित आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाचदहा मिनिटं मांजराशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. तुमच्याकडे पक्षी येत असतील तर हे आकडे कामाला येतील.

तुमच्याच घरात मांजर असेल तर प्रश्न वेगळा होतो. खिडकीबाहेर आलेला परका बोका पाहून घरातलं मांजर आतल्या पडद्यांवर फवारे मारू लागतं, आणि मालक त्यालाच ओरडतो. खिडकीच्या खालच्या ६० सेंटिमीटरवर धुरकट फिल्म लावली तर समोरासमोर गाठ पडत नाही. मांजरासाठी दारात झडप असेल तर कातडीखालची मायक्रोचिप वाचून उघडणारी घ्या. बसवल्यावर पहिले काही दिवस कुलूप न लावता उघडी ठेवा, मग चिपची नोंद करा, आणि झडप फक्त आत येतानाच चिप वाचते की बाहेर जातानाही, हे खोक्यावर वाचूनच विकत घ्या.