माउंट गे रम

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेवरील बार्बाडोस बेटात मळीपासून तयार होणारी रम व ती बनविणारी त्याच नावाची आसवनी. आसवनी बेटाच्या उत्तरेकडील सेंट ल्युसी पॅरिशमध्ये असून मिश्रण व बाटल्या भरण्याचे काम राजधानी ब्रिजटाउनजवळ चालते. जगातील सर्वांत जुनी चालू रम-आसवनी म्हणून तिचा उल्लेख होतो व १७०३ हे तिचे स्थापनावर्ष दिले जाते.

या सालाचा आधार म्हणजे २० फेब्रुवारी १७०३ या दिनांकाचा एक दस्त. आसवनी ज्या ऊसमळ्यावर उभी राहिली, त्यावरील मालमत्तेची त्यात यादी आहे : दोन दगडी पवनचक्क्या, रस उकळण्याच्या सात तांब्याच्या कढया असलेले एक घर, साखर निथळत ठेवण्याचे एक घर आणि एक भट्टीघर. त्या दिवशी तेथे भट्टी होती एवढेच यावरून सिद्ध होते. ती किती आधीपासून होती याचा उलगडा यादीतून होत नाही. म्हणून १७०३ हे स्थापनेचे वर्ष न मानता, भट्टी त्यापूर्वीच उभी राहिली होती हे दर्शविणारी मर्यादा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय इंग्लंड व त्याच्या वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे. दस्तातील साल त्या रीतीने लिहिलेले असल्यास तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १७०४ मधील ठरतो. ज्येष्ठत्वाचा दावाही जपूनच घ्यावा लागतो. बेटावर इंग्रजांची वसाहत १६२७ मध्ये झाली, ऊस १६४० नंतरच्या दशकात फोफावला आणि १६५० च्या सुमारास ‘किल-डेव्हिल’ नावाची उग्र दारू तेथे सर्रास प्याली जात होती. अर्थात भट्ट्या अनेक मळ्यांवर होत्या. माउंट गेचे वेगळेपण पहिलेपणात नसून, जुना लेखी पुरावा आणि उत्पादनाचे दीर्घ सातत्य एकाच जागी आढळते यात आहे.

मळ्याचे पूर्वीचे नाव माउंट गिल्बोआ. अठराव्या शतकाच्या मध्यास तो जॉन सोबर याच्याकडे आला व त्याने व्यवस्था आपला मित्र सर जॉन गे ॲलेन (१७२४–१८०१) याच्यावर सोपविली. ॲलेन हा बार्बाडोसच्या विधिमंडळाचा दीर्घकाळ सभापती होता. त्याच्या मृत्यूनंतर मळ्याला त्याचे मधले नाव देण्यात आले. ‘माउंट ॲलेन’ हे नाव आधीच वापरात असल्याने असे झाले, अशी परंपरा आहे. मळ्याच्या भरभराटीचा पाया आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर होता, आणि गुलामगिरी १८३४ मध्ये रद्द झाल्यावरही सक्तीची उमेदवारी (मुक्त झालेल्यांना जुन्या मालकांकडेच काम करायला लावणारी पद्धत) १८३८ पर्यंत चालली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑब्रे वॉर्ड याने मळा विकत घेतला. १९८९ मध्ये कंपनीचे बहुसंख्य भाग (शेअर) फ्रान्सच्या रेमी कॉइंट्रो समूहाकडे गेले. २०१९ मध्ये ट्रुडिअन ब्रँकर या मुख्य मिश्रणकार झाल्या. या पदावरील त्या पहिल्या स्त्री होत.

प्रवाळी चुनखडकातून झिरपलेले भूजल येथे वापरतात. आंबविलेल्या मळीचे ऊर्ध्वपातन तांब्याच्या घटभट्टीत (हंड्यासारख्या भट्टीत) व स्तंभभट्टीत (उंच खांबासारख्या भट्टीत) वेगवेगळे करून, अमेरिकन व्हिस्कीच्या वापरलेल्या ओकच्या पिंपांत मुरलेले अर्क मग एकत्र करतात. ‘एक्लिप्स’ हे प्रसिद्ध मिश्रण १९१० मधील सूर्यग्रहण व हॅलीचा धूमकेतू यांच्या स्मरणार्थ असल्याचे सांगितले जाते. त्या मे महिन्यातील खग्रास ग्रहणाचा पट्टा मात्र अंटार्क्टिका व टास्मानियाच्या बाजूचा होता, तेव्हा बेटावरील लोकांना दिसला असेल तो धूमकेतूच.

बेटावरील जीवनात रमचे स्थान ‘रम शॉप’मध्ये दिसते. हे एकाच वेळी किराणा दुकान, गुत्ता व गावकट्टा असते. डोमिनोचे डाव, क्रिकेट व राजकारण यांची चर्चा तेथेच रंगते. लवंग व लिंबाच्या स्वादाचे ‘फालर्नम’ सरबत घातलेला ‘कॉर्न अँड ऑइल’ हा पेयप्रकार आणि नाताळात रममध्ये भिजविलेल्या सुक्या मेव्याचा केक ही घरगुती रूपे होत. बेटाला वळसा घालणाऱ्या नौकाशर्यतीशी माउंट गेचे नाव जोडलेले असून, नौकास्पर्धांत वाटल्या जाणाऱ्या त्याच्या लाल टोप्या खलाशांत मानाच्या समजल्या जातात.

अलीकडे ‘बार्बाडोस रम’च्या भौगोलिक मानांकनावरून वाद उद्भवला. रम बेटावरच मुरविली पाहिजे, अशी भूमिका माउंट गे तसेच फोरस्क्वेअर व सेंट निकोलस ॲबी या बेटावरील अन्य आसवन्यांनी घेतली. फ्रेंच मालकीच्या वेस्ट इंडीज रम डिस्टिलरीने बेटाबाहेर मुरविण्यासही मुभा असावी असा आग्रह धरला.