चाळिशीनंतर गाडी शिकायला येताय? आधी हे वाचा

“या वयात जमेल का हो?” चाळिशी ओलांडलेले जवळजवळ सगळेच आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलची पायरी चढताना हा प्रश्न विचारतात. कुणाची मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली असतात, कुणी निवृत्त झालेलं असतं, कुणाला आईला दवाखान्यात न्यायला दर वेळी रिक्षा शोधावी लागते. कायद्यात गाडी शिकायला वयाची वरची मर्यादा नाही, आणि आमचा अनुभव सांगतो की जमतं. अठरा वर्षांच्या मुलाचा पाय क्लचवर लवकर बसतो, तुम्हाला आठवडाभर जास्त लागेल. पण आरशात बघा, इंडिकेटर द्या, हे तुम्हाला दोनदा सांगावं लागत नाही.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. लर्निंग लायसन्ससाठी आधार मोबाइलला जोडलेलं असेल, तर सरकारच्या सारथी पोर्टलवर घरबसल्या अर्ज आणि परीक्षा दोन्ही होतं. १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर यावे लागतात. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांची सही-शिक्का असलेला फॉर्म १-ए लागतो. २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हेही फॉर्ममध्ये विचारतात. म्हणून चष्म्याचा नंबर आधीच तपासून घ्या. सरकारी फी लर्निंगला प्रत्येक वाहनप्रकारामागे १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. पक्क्या लायसन्सला २०० आणि चाचणीचे ३०० रुपये. आमची फी याहून वेगळी, आणि दोन्हींची पावती तुम्हाला स्वतंत्र मिळते.

एक विनंती मनापासून. ती ऑनलाइन परीक्षा दुसऱ्या कुणाला द्यायला लावू नका. चढ चढत येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे परीक्षेपुरतं नाही. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात समोरून बस आली की तेच कामाला येतं.

लर्निंग ६ महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस म्हणजे उशीर, असं बऱ्याच जणांना वाटतं. आम्हाला ते कमीच वाटतात. नियमाप्रमाणे कोर्स किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १० तास. तेवढे आम्ही पूर्ण करतोच, आणि चढावर गाडी मागे जात असेल तोवर दिवस वाढवतो.

कारण साताऱ्यात खरी परीक्षा चढावरच असते. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतलं गाव, त्यामुळे सपाट रस्ता थोडाच. मागे रिक्षा टेकून उभी असते, पुढचा सिग्नल सुटतो आणि नवशिक्याचा पाय घाईत क्लच सोडतो. गाडी गचका खाऊन बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि माणूस घरी जाऊन म्हणतो, आपल्याच्याने नाही होणार. म्हणून पहिले चार दिवस आम्ही फक्त एकच गोष्ट करून घेतो: हँडब्रेक ओढलेला, क्लच हळूहळू वर, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की तिथेच पाय थांबवायचा. हा हाफ क्लच. तो पायाला कळला की अर्धी भीती जाते. राजपथावर आणि पोवई नाक्यावर त्यानंतरच नेतो, तेही सकाळी लवकर. आमच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक आहेत.

घरच्या गाडीवर सराव करायचा असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. नवऱ्याने बायकोला किंवा मुलाने वडिलांना शिकवताना मात्र पहिले दहा दिवस थांबावं, असं आम्ही सांगतो. घरच्यांचा आवाज चढला की शिकणाऱ्याचा हात थरथरतो, हे आम्ही कितीदा तरी पाहिलंय.

चाचणीत नापास झालात तर लाज वाटून घेऊ नका. सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं. बहुतेक जण रिव्हर्सला अडकतात, कारण मान वळवून मागे न बघता नुसत्या आरशावर जातात. चाचणीशिवाय लायसन्स काढून द्या, असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, ओळखीचं माणूस असलं तरी.

काही जणांचं लायसन्स वीस वर्षांपूर्वीच काढलेलं असतं आणि गाडी कधी चालवलेलीच नसते. त्यांनी आधी मुदत बघावी. संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. आता ३० ते ५० वयात काढलेलं लायसन्स १० वर्षं चालतं, ५० ते ५५ मध्ये काढलेलं साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत शिल्लक असेल तर लर्निंग लागत नाही, थेट सरावाला या.

पहिल्या दिवशी पातळ, सपाट तळाचे बूट घाला; जाड तळातून क्लच कळत नाही. साडी चालते, फक्त निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा नेसा. चष्मा विसरू नका, आणि सकाळी सातच्या बॅचला पाच मिनिटं आधी या. सीट आणि आरसे तुमचे तुम्हालाच लावायचे आहेत.