परिपत्रकातल्या कलमांच्या मागे

नवं सत्र सुरू झालं की विद्यापीठाच्या संगणक केंद्राचं परिपत्रक येतं. पासवर्ड कुणाला सांगू नका, दर तीन महिन्यांनी बदला, अनोळखी मेलमधली लिंक उघडू नका, ब्राउझरमध्ये वेबपत्त्यापाशी कुलूप दिसतं का ते पाहा. वाचताना वाटतं, ही सगळी तजवीज बाहेरच्या भामट्यांसाठी. सुरुवात मात्र घरातूनच झाली.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच संगणक अनेकांना आपापल्या टर्मिनलवरून वापरता येऊ लागला. मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवणं आलं, तास मोजणं आलं, आणि त्यासाठी पासवर्ड आला. त्याचं काम तिजोरीच्या किल्लीपेक्षा रेशनकार्डाच्या जवळचं होतं. अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडून संगणकाला हुकूम द्यायच्या कार्डावर, पासवर्डांच्या फायलीचं नाव घालून छपाईची मागणी टाकली. शनिवारी सकाळी सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून तयार! बोट आपल्या एकट्याकडे वळू नये म्हणून त्याने यादी इतरांनाही वाटली. कबुली दिली ती पंचवीसेक वर्षांनी.

पुढे पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही, हा धडा मिळाला. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. माणसं किती सोपे शब्द निवडतात, हेही त्यात दाखवलं होतं. नियतीची गंमत अशी की नऊ वर्षांनी ते जगाला पटवून दिलं मॉरिस यांच्याच मुलाने. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या या विद्यार्थ्याने एमआयटीच्या संगणकावरून एक 'वर्म', म्हणजे आपल्याच प्रती काढत यंत्रायंत्रांत पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममधली फट, एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी यंत्रं आणि ४३२ शब्दांची यादी, हे त्याचं मुख्य भांडवल. वापरणाऱ्याचं नाव, तेच उलटं लिहून, मग यादीतला एकेक शब्द, असं करत तो पासवर्ड ताडत होता. त्याच यंत्रावर तो पुन्हापुन्हा शिरत राहिला आणि यंत्रं त्याच्या ओझ्यानेच बसली. त्यावेळच्या अंदाजाने सुमारे साठ हजारांपैकी सहा हजार. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं 'सर्ट', म्हणजे संगणकांवरच्या हल्ल्यांच्या वेळी धावून जाणारं पथक, स्थापन झालं. आपल्याकडचं 'सर्ट-इन' २००४ चं. धाकट्या मॉरिसला दंड झाला, समाजसेवेची शिक्षाही झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायच्या कलमाबद्दल बोलायचं तर अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्ये सक्तीचा ठरावीक बदल नको, असं सांगितलं. सक्ती केली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो, हे कुठल्याही लॅब असिस्टंटला आधीच ठाऊक होतं.

लिंकच्या कलमाची किंमत नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने मोजली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे कुणीतरी फसव्या मेलमधली लिंक उघडली. चोर दोन महिने आत गुपचूप हिंडत राहिले आणि नाताळच्या तोंडावर त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. खंडणी ३० बिटकॉइन, म्हणजे जवळपास दोन लाख युरो. विद्यापीठाने ती भरली. त्यातली काही रक्कम पोलिसांनी पकडली. २०२२ मध्ये ती परत मिळायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनच्या भावामुळे तिचे पाच लाख युरो झाले होते.

राहिलं कुलूप. २०१० मध्ये ब्राउझरला जोडायच्या 'फायरशीप' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने दाखवून दिलं, की खुल्या वायफायवर शेजारच्याचं फेसबुक खातं एका क्लिकमध्ये ताब्यात घेता येतं. ती भीती आणि २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने वेबसाइटींना दिलेली, कुलपासाठी लागणारी फुकट प्रमाणपत्रं (मिशिगन विद्यापीठाचाही त्यात हात होता) यांमुळे वेबचा मोठा भाग एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, गेला. पण फुकट प्रमाणपत्र भामट्यालाही मिळतं, आणि कुलूप सांगतं ते इतकंच, की वाटेत कुणी वाचत नाही. समोर कोण बसलंय ते नाही. २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकलं.