सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं!

‘सोयाबीन हायब्रीड आहे, बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं’ हे पेरणीच्या तोंडावर अजूनही ऐकू येतं. ते चूक आहे. सोयाबीनमध्ये परागीकरण सहसा त्याच फुलात होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ संकरातूनच आलं, पण पुढच्या पिढ्यांत निवड करत करत स्थिर केलेलं ते सरळ वाण आहे. त्याचं बी तसंच उतरतं. सूर्यफुलाचं वेगळं. तिथे संकराची पहिली पिढीच पेरतात. तिचं बी राखलं तर झाडं एकसारखी येत नाहीत.

सोयाबीनची खरी अडचण पातळ सालीची. पोतं आपटलं की उगवण घटते. म्हणून ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून बघाच. ७० उगवले, तर बिनधास्त पेरा.