रायफल साधी की डीलक्स? दाखवायला आणण्याआधी हे वाचा

"आजोबांची रायफल आहे, डीलक्स आहे, किती येतील?" दसरा जवळ आला की हा प्रश्न आमच्या बंदुकांच्या दुकानात रोज येतो, सोबत मोबाइलमधला एक फोटो. फोटो पाहून आम्ही भाव सांगत नाही. काहींना ते खटकतं, म्हणून एकदाचं लिहूनच ठेवलं.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत (दांडीचा बोल्ट हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची ती) साधी प्रत आणि वरची प्रत यांची यंत्रणा बहुधा एकच असते. रेमिंग्टन ७०० घ्या, १९६२ साली आलेली. तिची एडीएल स्वस्त, बीडीएल महाग. बोल्ट दोन्हीला तोच. एडीएलचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, खालून बंद, त्यामुळे काडतुसं वरूनच एकेक काढावी लागतात. बीडीएलला खाली बिजागरीचं झाकण आहे. बाकी फरक दस्त्याच्या, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाच्या, नटण्याथटण्याचा. विंचेस्टर मॉडेल ७० च्या सुपर ग्रेडचंही तसंच: निवडक अक्रोडाचं लाकूड आणि जास्त हातकाम. डीलक्सचा नेम जास्त अचूक बसतो, हा समज सोडून द्या. नेम नळीवर अवलंबून असतो आणि नळी दस्त्यात कशी बसली आहे त्यावर. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं. दस्ता नळीला एका बाजूने टेकला की सुपर ग्रेडचीही गोळी भलतीकडे जाते.

यंत्रणेतला फरक वेगळा, तो ग्रेडमध्ये धरू नका. जर्मन माउझर ९८ रायफलीचे लग (बोल्ट जागी अडकवून ठेवणारे उंचवटे) बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात, आणि बोल्टची दांडी वर उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते. आपल्याकडे जास्त दिसणारी इशापूर कारखान्याची .३१५ रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली. तिचे लग मागे, आणि बोल्ट पुढे ढकलताना शेवटी स्प्रिंग ताणायला जोर लागतो. "बोल्ट जड झाला, तेल टाकून द्या" म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या रायफलीत काहीच बिघाड नसतो. तेव्हा आम्ही पैसेही घेत नाही.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. रायफल चकचकीत करून आणू नका.

शस्त्रपूजनाआधी घरातलं कोणीतरी रायफल बाहेर काढतं, ओळखीच्या सुताराकडे देतं. सुतार बिचारा दरवाजाला करतो तेच करतो: सॅण्डपेपर आणि वर वार्निशचे दोन हात. लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा खाली जातं, पकडीवरचं चेकरिंग (कोरलेल्या बारीक चौकड्या) सपाट होतं, मूळ रंग जातो. वार्निश उतरवून दस्ता पुन्हा तेलावर आणायला आमचे आठ-पंधरा दिवस जातात. घासून गेलेलं लाकूड मात्र कोणालाच परत आणता येत नाही. जुन्या रायफलीला भाव मिळतो तो मूळ फिनिशचा. ओरखडे असले तरी चालतात, ते तिच्या वयाचेच आहेत.

नळीवर पॉलिशपेपर मारणं त्याहून वाईट. ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) जातं, सोबत नंबरही पुसट होतो. ओळखखूण नसलेलं शस्त्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग "तुम्ही घेत का नाही?" म्हणून आमच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

काहीजण घरचं जवसाचं तेल चोपडतात. विचार बरोबर आहे, तेल चुकीचं. जेवणातलं कच्चं जवस तेल लवकर सुकत नाही. चिकट राहतं आणि धूळ धरतं. दस्त्याला उकळलेलं जवस तेल लागतं, तेही बोटावर दोन थेंब घेऊन तळहाताने घासायचं. आमच्याकडे लहान बाटलीत मिळतं.

पूजा अवश्य करा, पण रायफल रिकामी आहे हे आधी बोल्ट उघडून बघा. कुंकू लावायचं तर दस्त्याला, तेही कोरडं. ओलं हळदीकुंकू बोल्टच्या खाचेत बसलं की दिवाळीपर्यंत तिथे गंज धरतो.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. नळी आतून पाहणं, दस्ता उतरवून तपासणं, बोल्टवरचा नंबर रिसिव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) जुळतो का बघणं, यात तासभर जातो. दोन भावांच्या रायफलींचे बोल्ट अदलाबदल झालेले आम्ही पाहिले आहेत. बसतो म्हणून चालतो असं नाही: काडतुसामागची जागा वाढली तर काडतुसाचं कवच फाटू शकतं. रायफल आम्हालाच विकलीत तर ही फी भावात वळती करतो.

येताना मूळ परवाना आणा, झेरॉक्स चालत नाही. परवाना आजोबांच्याच नावे असेल तर आधी वारसाचा अर्ज करा, शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज लिहायला मदत करू, पण त्याआधी रायफल दुकानात घेऊन निघू नका.

आणि शेतातल्या रानडुकरांचं आम्हाला विचारू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे "शिकारी रायफल" हे नुसतं नाव उरलं आहे. तो विषय वनखात्याचा.

दसऱ्याआधीच्या आठवड्यात गर्दी असते. घाई नसेल तर दसऱ्यानंतर या, पुसापुशी न करता, आहे तशी घेऊन.