भविष्य निर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतन : घटस्फोटानंतर कशावर कोणाचा हक्क?

जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील सरकारी कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या भविष्य निर्वाह निधीची आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची सर्रास गल्लत केली जाते, आणि घटस्फोट झालेला असला की ती फार महागात पडते. निधी ही कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून साठवलेली पुंजी असल्यामुळे ती त्याच्या मिळकतीत मोडते. कुटुंब निवृत्तिवेतनावर मात्र त्याची मालकी कधीच नसते. सेवानियम ते थेट कुटुंबीयांना देतात.

निधीच्या बाबतीत बहुतेक वाद नॉमिनीवरून होतात. एका बँक कर्मचाऱ्याने लग्नापूर्वी आईचे नाव नोंदवले होते आणि लग्नानंतरही ते तसेच राहिले. त्याच्या मृत्यूनंतरच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की, नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असतो, मालकी मात्र वारसा कायद्याने ठरते. त्यानुसार पत्नी आणि आई यांना निम्मा-निम्मा वाटा मिळाला. घटस्फोटित पत्नी वारस नसते. त्यामुळे अर्जावर तिचेच नाव राहिले, तरी या तत्त्वानुसार मुले किंवा आई त्या रकमेवर दावा सांगू शकतात. नाव वेळीच न बदलल्यामुळे दोन्ही घरांना कोर्टाची पायरी चढावी लागते, हे मला फार क्लेशकारक वाटते.

कुटुंब निवृत्तिवेतनाला हे गणित लागूच पडत नाही. रेल्वेतील एका कर्मचाऱ्याच्या मृत्युपत्राच्या आधारे त्याच्या भावाने हक्क सांगितला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्णय दिला की, हे वेतन मृताच्या मिळकतीचा भाग नाही आणि म्हणून ते मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पती किंवा पत्नी या नात्याने मिळणारा हा हक्क संपतो.

मुलांचा हक्क मात्र आईवडिलांच्या घटस्फोटाने संपत नाही. केंद्राच्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याच्या मागे दुसरी पत्नी असली, तरी घटस्फोटित पत्नीला घटस्फोट झाला नसता तर जो हिस्सा मिळाला असता, तो तिच्या पात्र मुलांना मिळतो. सर्वसाधारणपणे वयाची २५ वर्षे पूर्ण होणे, विवाह किंवा उपजीविकेपुरती स्वतःची कमाई, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत ही पात्रता टिकते. अपंग अपत्यासाठी वेगळी तरतूद आहे. मुलांचा ताबा आईकडे आहे म्हणून वडिलांच्या नोकरीशी त्यांचा संबंध संपला, असे समजून अर्जच न करणे ही मुलांवर अन्याय करणारी चूक आहे.

न्यायालयात घटस्फोटाचा खटला नुसता चालू असेल, तर पती अजून पतीच असतो आणि मुलांआधी त्याचाच क्रम लागतो. म्हणूनच केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये नियम बदलला. घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला प्रलंबित असलेली महिला कर्मचारी आता लेखी विनंती करून पतीच्या आधी आपल्या पात्र अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे, अशी नोंद करू शकते. ही विनंती तिने हयातीतच कार्यालयप्रमुखाकडे द्यावी लागते.