लॅपटॉपला नवी डिस्क 'मानवत' का नाही?

जुनी हार्ड डिस्क काढली, नवी एसएसडी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: 'नो बूटेबल डिव्हाइस'. अशा वेळी हमखास कानावर पडणारं निदान म्हणजे "ही डिस्क या लॅपटॉपला मानवली नाही". जणू डिस्क म्हणजे औषध, किंवा दुसऱ्याच्या शरीरातून काढून बसवलेला अवयव. मग ती परत जाते, दुसऱ्या कंपनीची येते, आणि तीही 'मानवत' नाही.

मदरबोर्डला डिस्कच्या बाबतीत आवडनिवड नसते. जोडणीचा प्रकार जुळला की डिस्क चालते. अडतं ते बहुतेक वेळा एका पत्त्यावर. लॅपटॉपकडे टिपून ठेवलेला पत्ता जुन्या डिस्कचा असतो आणि ती डिस्क आता जागेवर नसते. पण तिथवर पोचण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे, सुरू करताच कंपनीचा लोगो दिसतो का? हा लोगो डिस्कवरून येत नाही. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, तिच्यातला प्रोग्रॅम (ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो) तो दाखवतो. डिस्क पूर्णपणे काढून ठेवली तरी लोगो दिसायला हवा आणि बायोसमध्ये जाता यायला हवं. पडदा काळाच राहत असेल तर नव्या डिस्कवर काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. डिस्क काढून पुन्हा सुरू करून पाहा. तरीही काळाच असेल तर रॅम हलली आहे का, बॅटरीचा कनेक्टर नीट बसलाय का, कीबोर्डची किंवा पॉवर बटणाची पट्टी निसटली आहे का, ते बघा. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवरचं बटण २०-३० सेकंद दाबून धरलं की बोर्डवर उरलेला विद्युतभार उतरतो. एवढ्यानेही बरेच लॅपटॉप जागे होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, बायोसमध्ये नव्या डिस्कचं नाव दिसतं का? नसेल तर दोष जोडणीत शोधायचा. अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्कला २२ संपर्क असतात, ७ माहितीचे आणि १५ विजेचे. अनेक लॅपटॉपांत ते एका चपट्या केबलला जोडलेले असतात. तिचं मदरबोर्डकडचं टोक झाकण उघडताना अर्धवट उचकतं आणि वरून मात्र बसल्यासारखंच दिसतं. शिवाय ९.५ मिलिमीटरच्या खाचेत ७ मिलिमीटरची डिस्क ठेवली तर ती खाली झुकते आणि संपर्क तिरके होतात. डिस्कसोबत येणारी प्लास्टिकची चौकट फेकून देऊ नका, ती याचसाठी असते.

एम.२ पट्टीची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या चपट्या एसएसडीची, गंमत वेगळी. आकार तोच, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब, पण आत दोन निरनिराळ्या भाषा असू शकतात: साटा किंवा एनव्हीएमई. सोनेरी संपर्कांच्या कडेला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. फक्त साटाच्या तारा ओढलेल्या स्लॉटमध्येही एनव्हीएमई पट्टी कधीकधी झकास बसते, आणि बायोसला मात्र काहीच दिसत नाही. म्हणून खरेदीआधी लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटचा प्रकार बघावा. पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात आत सारायची, पूर्ण आत गेली की ती तिरकी उभी राहते. मग हलकेच आडवी दाबून स्क्रू लावायचा. संपर्कांचा सोनेरी भाग ठळक दिसत राहिला तर ती पूर्ण आत गेलेली नाही.

नाव दिसतंय आणि तरीही लॅपटॉप सुरू होत नाही? मग आता खरा विषय.

१९८३ साली डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) २.० आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कसाठी एक पद्धत आली, एमबीआर. बायोसने डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, वाचायचा. त्यातले पहिले ४४६ बाइट हा एक चिमुकला प्रोग्रॅम, पुढचे ६४ बाइट म्हणजे चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, यादी, प्रत्येकी १६ बाइट. उरलेले दोन बाइट म्हणजे सही: ५५ आणि एए. हे सोळा-आधारी अंक द्विमान पद्धतीत लिहिले की ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे दिसतात, एकाआड एक शून्य आणि एक, आरशात पाहिल्यासारखे. सही जुळली नाही तर त्या डिस्कवर सुरू करण्याजोगं काही नाही असं समजून बायोस पुढच्या डिस्ककडे वळतो. पत्ता वगैरे काही नाही, डिस्क कोणतीही असो, पहिला सेक्टर तेवढा बघायचा. त्यामुळे जुन्या लॅपटॉपांत संपूर्ण नक्कल केलेली डिस्क निमूट चालून जायची. मर्यादा होती ती आकाराची. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी सेक्टर. गुणिले ५१२ केलं की २.२ टेराबाइट. त्यापुढची जागा या यादीत लिहिताच येत नाही.

आजच्या लॅपटॉपांत जुन्या बायोसच्या जागी असलेल्या यूईएफआय फर्मवेअरची (चिपमधल्या प्रोग्रॅमची) रीत वेगळी आहे, आणि ती फार सुंदर आहे. हे फर्मवेअर फाइल शोधतं. त्यासाठी डिस्कवर जीपीटी नावाची पार्टिशनांची यादी असते. शून्य क्रमांकाचा सेक्टर जुन्या प्रोग्रॅमांना फसू न देण्यासाठी राखलेला, पहिल्यात यादीचा मथळा, त्यापुढे १२८ नोंदींची जागा, आणि या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा स्वतःचा क्रमांक मिळतो. शक्य क्रमांक इतके प्रचंड आहेत (३४ वर ३७ शून्यं) की यदृच्छेने काढलेले दोन क्रमांक सारखे निघणं जवळजवळ अशक्य. या पार्टिशनांपैकी एक छोटं, बहुतेकदा १०० ते ३०० मेगाबाइटचं, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोज सुरू करणारी फाइल तिथे असते, सी ड्राइव्हवर नाही.

मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी स्मृतीत 'विंडोज बूट मॅनेजर' अशी एक नोंद असते. तिच्यात 'पहिली डिस्क' किंवा 'सी ड्राइव्ह' असं काही लिहिलेलं नसतं. अमुक १२८-बिटी क्रमांकाच्या पार्टिशनवरची अमुक फोल्डरातली फाइल, इतका नेमका पत्ता असतो. नव्या डिस्कवर नव्याने पार्टिशन केलं की क्रमांक नवा. फर्मवेअर जुना क्रमांक शोधतं, तो सापडत नाही, पुढच्या नोंदीकडे जातं, आणि नोंदी संपल्या की 'नो बूटेबल डिव्हाइस'. ठरलेल्या नावाच्या फोल्डरात एखादी राखीव बूट फाइल आहे का हेही बरीच फर्मवेअरं शेवटी पाहतात. सगळीच पाहत नाहीत. त्यामुळे एकच नक्कल केलेली डिस्क एका लॅपटॉपवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. यालाच आपण 'मानवणं' म्हणत आलो.

डिस्क अगदी कोरी असेल तर हा संदेश येणारच, तो बिघाड नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज इन्स्टॉल केलं की पत्ता आपोआप नोंदला जातो. नक्कल केलेल्या डिस्कमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त सी ड्राइव्ह उतरवणं. फोटो, फायली, विंडोज सगळं जागेवर असतं, पण ते छोटं पार्टिशन मागेच राहतं.

दुरुस्तीसाठी विंडोज इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करा आणि पहिल्या पडद्यावर शिफ्ट व एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.) 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. डिस्कच्या ओळीत जीपीटीच्या रकान्यात चांदणी आहे ना, ते पाहा. 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन विंडोजला कोणतं अक्षर मिळालंय ते लिहून घ्या. इथे ते सी असेलच असं नाही, आणि अर्ध्या लोकांचा घोटाळा इथेच होतो. मग 'सिलेक्ट डिस्क ०' (क्रमांक आपल्या डिस्कचा), 'लिस्ट पार्टिशन', त्यातलं 'सिस्टिम' प्रकारचं पार्टिशन निवडा, 'असाइन लेटर=एस', 'एक्झिट'. शेवटी ही एक ओळ (सी च्या जागी वर लिहून घेतलेलं विंडोजचं अक्षर):

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

ही आज्ञा दोन कामं करते: बूटच्या फायली नव्याने उतरवते आणि विंडोज कुठे आहे याची यादी नव्या क्रमांकांनिशी लिहिते. '/एस' दिलं की फर्मवेअरमधली नोंद मात्र ती घालेलच असं नाही. '०एक्ससी००००००ई' हा निळ्या पडद्यावरचा क्रमांकही बऱ्याचदा यानेच जातो, कारण तिथे बूट मॅनेजर सापडलेला असतो पण त्याच्या यादीत जुनेच क्रमांक असतात.

सिस्टिम पार्टिशन मुळातच नसेल तर डिस्कपार्टमध्ये विंडोजचा व्हॉल्यूम निवडून 'श्रिंक डिझायर्ड=३००', मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०', 'फॉरमॅट क्विक एफएस=एफएटी३२', 'असाइन लेटर=एस', आणि पुन्हा वरची ओळ. चांदणी नसेल, म्हणजे डिस्क एमबीआर असेल, तर विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआरटूजीपीटी' हे साधन मिळतं (नावातला 'टू' म्हणजे इंग्रजी २ हा आकडा). आधी '/व्हॅलिडेट', तपासणी पार पडली तरच '/कन्व्हर्ट', दोन्हींसोबत '/डिस्क:०'. त्यानंतर बायोसमध्ये 'लेगसी' बंद करून यूईएफआय निवडायला विसरू नका.

नक्कल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवाच. सारख्याच क्रमांकाच्या दोन डिस्का दिसल्या की विंडोज एकीला बाजूला ठेवतं, आणि ती हाताने चालू केली तर तिचा क्रमांक बदलून टाकतं. म्हणजे चांगली चालणारी नक्कल आपणच बिघडवायची.

लोगोखाली चकरी फिरू लागल्यानंतर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' (७बी) आलं तर पत्त्याची अडचण संपली, आता ड्रायव्हरची आहे. विंडोज सुरुवातीला मोजकेच ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) उचलतं. साटावरून एनव्हीएमईवर गेलात, किंवा बॅटरी काढल्यामुळे बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचा पर्याय एएचसीआयऐवजी रेड असा लागला, की हवा तो ड्रायव्हर त्या मोजक्यांत नसतो. आधी तो पर्याय पूर्वीसारखा करा. तरीही अडलं तर सेफ मोडमध्ये एकदा सुरू करा, तिथे हवा तो ड्रायव्हर सहसा जागा होतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, त्याचं कारण व्हीएमडी, म्हणजे डिस्कचा कारभार आपल्याकडे घेणारी इंटेलची सोय. कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करताना ते बायोसमध्ये बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या.

'एका क्लिकमध्ये बूट दुरुस्त' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांचा मोह टाळावा. कोणतं पार्टिशन, कोणता क्रमांक, हे ते सांगत नाहीत आणि चुकीच्या डिस्कवर लिहिलं तर परतीचा रस्ता नसतो. बंद पडलेली जुनी हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते, हा तोडगाही असाच फिरत असतो. बाहेर काढल्यावर गार तबकड्यांवर दव धरतं, आणि वाचवण्याजोगी माहितीही जाते.

आणि डिस्क बदलण्याआधी, जुनी अजून चालू असताना, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) तात्पुरता थांबवून त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, सहा-सहा अंकांचे आठ गट. बूटची साखळी बदललेली दिसली की ही किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप ती देत नाही आणि विंडोज तेच ४८ अंक मागतं. ते नसतील तर वरच्या सगळ्या आज्ञा अचूक देऊनही सी ड्राइव्ह उघडणार नाही.